कललेले झाड कसे पाडावे

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना पैनगंगेच्या अलीकडे जे कनेरगाव नाका हे गाव लागते, तेथे 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दोन राज्यांची सरहद्द होती आणि आज हिंगोली व वाशीम या दोन जिल्ह्यांची आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती सरहद्द नसून तिच्या दोन्ही अंगांना, बांधांवर, नाल्यांच्या काठी आणि पाणंदींच्या कडेने उभी असलेली, किंवा अधिक नेमके बोलायचे तर, धड उभी नसलेली झाडे हा आहे. आलापल्लीच्या दाट सागवनात झाड वाढते ते शेजारच्या झाडांशी उजेडासाठी झगडत, आणि म्हणून त्याला सरळ वर जाण्यावाचून गत्यंतर नसते. कूप तोडणाऱ्या मजुराच्या वाट्याला तेथे बहुधा सरळ सोटच येतो. आपल्याकडच्या काळ्या रानातली स्थिती अगदी निराळी आहे. नाल्याच्या काठची बाभूळ पाण्याच्या मोकळ्या अंगाला झेपावते, दरसालचा पूर तिच्या मुळांखालची माती पोखरून नेतो, काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते म्हणून मुळांची पकड सैल पडते, आणि या सर्वांवर कडी म्हणजे शेताचा धनी पिकावर सावली पडू नये म्हणून वर्षानुवर्षे आपल्याच बाजूच्या फांद्या छाटीत राहतो व नांगराच्या फाळाने त्याच बाजूची मुळेही तोडीत राहतो. मग ते झाड एका अंगाला कलले तर नवल कसले?

या मुलखातील तोडीचा हंगाम हळद शिजवण्याच्या दिवसांशी बांधलेला असतो. संक्रांत उलटली की हळदीची काढणी सुरू होते, कढया आणि बॉयलर यांना जळण लागते, सॉ मिलवाल्यालाही याच दिवसांत माल हवा असतो, आणि वर्षभर दुर्लक्षिलेली बांधावरची लिंबे-बाभळी एकदम सर्वांच्या डोळ्यांत भरतात. घाई आणि कललेले झाड यांची गाठ पडणे हेच बहुतेक अपघातांचे मूळ असते. सरळ झाडाच्या बाबतीत तोडणाऱ्याच्या हातून थोडी कसर राहिली तरी झाड ती पुष्कळदा पोटात घालते. कललेले झाड तसे करीत नाही.

असे का, हे समजून घेण्यास मोठी विद्या लागत नाही. निंबाची अंगठ्याएवढी जाड ओली फांदी घेऊन ती दोन्ही हातांनी हळूहळू वाकवावी. बाहेरच्या अंगाची साल ताणली जाऊन तडतडू लागते, आतल्या अंगाच्या सालीस सुरकुत्या पडतात. आणि आता कोणी चाकूचे पाते ताणलेल्या अंगावर नुसते टेकवले, तरी फांदी उभी चिरत जाऊन तिचे फाटलेले टोक उसळते. पाते आतल्या, दाबाच्या अंगाला लावले तर उलट ते चिमटीत सापडल्यासारखे अडकून बसते. कललेल्या बुंध्यात हाच प्रकार काही टनांच्या प्रमाणावर, आणि आपल्या नजरेआड, चाललेला असतो. ज्या अंगाला झाड कलले ते दाबाचे अंग, त्याच्या विरुद्ध ते ताणाचे अंग. आणि पुढे जे जे नियम सांगावयाचे आहेत ते सर्व या एका गोष्टीतून निघतात. झाड पडते तेव्हा कोठे पडणार याची चिंता सर्वांनाच असते, परंतु ते पडण्यापूर्वीच्या क्षणी बुंध्यात कोंडलेला ताण कोणत्या वाटेने बाहेर पडणार याची चिंता फारच थोडे लोक करतात.

म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वी झाड वाचावे. त्यासाठी बुंध्यापासून झाडाच्या उंचीइतके दूर जाऊन, कुऱ्हाडीचा दांडा शेवटाशी दोन बोटांत सैल धरून ती ओळंब्यासारखी लोंबती सोडावी आणि त्या सरळ रेषेशी खोड ताडून पाहावे. आणि हे एकाच जागेवरून न करता काटकोनात दोन जागांवरून करावे, कारण एका बाजूने सरळ दिसणारे झाड दुसऱ्या बाजूने पाहता हातभर कललेले आढळते. खोडाचा कल ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी शेंड्यात असते: फांद्यांचा भार कोणत्या अंगाला आहे, वेल गुंडाळलेले आहेत काय, वाळलेली फांदी वर अडकून लोंबते आहे काय. पुष्कळदा खोड पूर्वेला कललेले आणि डहाळ्यांचा सारा पसारा दक्षिणेला, असा प्रकार असतो, आणि मग झाड दोहोंच्या मधल्या दिशेला जाते. नंतर बुंध्याजवळ येऊन कुऱ्हाडीच्या तुंब्याने चहूकडून ठोकून पाहावे. भरीव लाकडाचा आवाज आणि ढोलीचा आवाज यांतला भेद ज्याच्या कानाला कळत नाही त्याने ज्याला कळतो त्यास बोलवावे. शेवटी मुळे पाहावीत. कलाच्या विरुद्ध अंगाला जमिनीस ताजी भेग पडली असेल, किंवा माती उचललेली दिसत असेल, तर ते झाड कललेले नसून पडत असलेले आहे, त्याची पडझड नुसती थांबलेली आहे, असे समजून वागावे. वारा असेल तर, विशेषतः चैत्र-वैशाखात दुपारनंतर वावटळी उठू लागल्या म्हणजे, त्या दिवशीचे काम बंद ठेवावे. सकाळची वेळ या कामास सर्वोत्तम.

एवढे झाल्यावर दिशा ठरवावयाची, आणि येथे माझे मत स्पष्ट आहे. कललेले झाड त्याच्या कलाच्या दिशेने किंवा त्या रेषेपासून थोडेसे बाजूला पाडावे. उलट अंगाला पाडण्याचा हट्ट, खरोखरच निरुपाय नसेल तर, धरू नये. आपल्याकडे हा हट्ट बहुधा शेजाऱ्याच्या पिकापायी धरला जातो. झाड कललेले शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर किंवा हळदीच्या सऱ्यांवर, शेजारी म्हणतो "भाऊ, इकडं पाडू नका," आणि मालक बिचारा भिडेपायी चार माणसे, एक जुना दोर आणि एक ट्रॅक्टर गोळा करून ते झाड त्याच्या मर्जीविरुद्ध ओढावयास निघतो. हरभऱ्याच्या चार वाफ्यांची किंमत आधी दोन शहाण्या माणसांसमोर ठरवून शेजाऱ्याच्या हाती ठेवावी, नाही तर त्याचे पीक निघेपर्यंत महिनाभर थांबावे. दोहोंपैकी कोणताही मार्ग त्या ओढाताणीपेक्षा स्वस्त पडतो. ज्या ठिकाणी कलाच्या दिशेला घर, गोठा, विहिरीचे कठडे किंवा वाहता रस्ता आहे तेथेच उलट पाडण्याचा विचार करावा, आणि तेथेही, पुढे सांगितल्याप्रमाणे, साधने असतील तरच.

परवान्याची गोष्ट थोडक्यात उरकतो. महाराष्ट्र झाडे तोडण्याचे (विनियमन) अधिनियम, 1964 याच्या अनुसूचीत साग, आंबा, मोह, चिंच, जांभूळ, खैर, चंदन आदी जाती आहेत, आणि त्या आपल्या मालकीच्या शेतात असल्या तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत. नगरहद्दीत 1975 चा निराळा कायदा लागू होतो. यादीबाहेरच्या झाडालाही सातबारा, बांधाची हद्द आणि मालाच्या वाहतुकीचा पास यांचे प्रश्न असतातच, व माल नाक्यावरून वाशीमकडे न्यावयाचा असेल तर ते आधी तहसील व वनखात्याच्या दफ्तरी विचारून घ्यावेत. रस्त्याच्या कडेचे झाड आपल्या शेताच्या तोंडाशी आहे म्हणून ते आपले होत नाही. कलणारे झाड धोकादायक असेल तर तसा लेखी अर्ज द्यावा, पंचनामा करून घ्यावा; अर्जाचा कागद हाताशी असला म्हणजे पुढे बोलावयास जागा राहते.

विजेच्या तारांबद्दल मात्र थोडक्यात उरकून चालणार नाही. कृषिपंपांच्या तारा आपल्याकडे बांधाबांधाने गेलेल्या आहेत आणि झाडेही बांधावरच आहेत, त्यामुळे झाडाची उंची अधिक चार हात एवढ्या टापूत तार येत असेल तर महावितरणच्या लाईनमनला आधी गाठून पुरवठा रीतसर बंद करून घ्यावा. "आत्ता भारनियमन चालू आहे, लाईन नाही," या भरवशावर कोणीही कुऱ्हाड उचलू नये, कारण भारनियमन संपण्याची वेळ झाडाला ठाऊक नसते. तारेवर पडलेल्या ओल्या फांदीला, ती कितीही निरुपद्रवी दिसली तरी, हात लावावयाचा नाही आणि दुसऱ्यासही लावू द्यावयाचा नाही.

आता कामाची जागा. बुंध्याभोवतीची झुडपे, काटेरी फांद्या, दगड असे सर्व आधी दूर सारून, पडण्याच्या दिशेच्या मागे, त्या रेषेशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन करून, दोन्ही अंगांना पळवाटा साफ कराव्यात. त्या वाटेने एकदा प्रत्यक्ष चालून पाहावे आणि पायाला काय अडते ते पाहावे. अगदी सरळ मागे पळणे वर्ज्य समजावे, कारण बुंधा उसळून मागे सरतो तो त्याच रेषेत. झाड बाजूला कललेले असेल तर ताणाच्या अंगाची, म्हणजे वरच्या अंगाची वाट ही खरी वाट, दुसरी नुसती नाइलाजाची. तोडणारे सोडून इतर सर्वांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराबाहेर राहावे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने 1998 साली प्रसिद्ध केलेल्या वनकामाच्या सुरक्षासंहितेचीही हीच शिस्त आहे, आणि आपल्या गावात ती मोडणारे बहुधा दोनच वर्ग असतात, एक मोबाईलवर चित्रीकरण करणारी पोरे आणि दुसरा, झाड पडताच काटक्या वेचावयास धावणाऱ्या बाया. दोघांनाही आधी बजावावे. डोक्याला हेल्मेट असावे, उपरणे नव्हे. पायांत चप्पल नसून बूट असावेत. सैल धोतर, लोंबते टॉवेल, गळ्यातले गोफ ही सर्व दूर ठेवावीत. या कामावर एकट्याने कधीच जाऊ नये, आणि 108 या क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या बांधापर्यंत कोणत्या पाणंदीने येऊ शकेल हे सकाळीच ठरवून ठेवावे.

पुढे कललेले झाड, म्हणजे ज्या दिशेने पाडावयाचे त्याच दिशेने कललेले, हे वरकरणी सर्वांत सोपे आणि वस्तुतः सर्वांत कपटी. पाडणाऱ्याला वाटते, हे तर आपण होऊनच जाणार, मग खाचेची तसदी कशाला? तो मागच्या, म्हणजे ताणाच्या अंगाने सरळ करवत चालवतो. निम्म्याहून कमी लाकूड कापले जाते न जाते तोच झाडाचा भार पुढे ओढू लागतो, उरलेले लाकूड तुटण्याऐवजी धाग्याच्या रेषेत उभे चिरत वर जाते, आणि बुंध्याचा मागचा अर्धा भाग कधी आठ-दहा फूट उंचीपर्यंत फाटून कापणाऱ्याच्या छातीवर किंवा हनुवटीवर येऊन आदळतो. इंग्रजी मुलखातील लाकूडतोडे याला बार्बर चेअर म्हणतात. नीलगिरी, सुबाभूळ यांसारख्या सरळ धाग्याच्या, झपाट्याने वाढणाऱ्या जातींत हे अधिक घडते. बाभळीतही घडते, आणि तेव्हा लाकूड कठीण म्हणून तडाखाही कठीण बसतो.

यावर उपाय आहे, आणि तो खाचेपासून सुरू होतो. पडण्याच्या दिशेला जी खाच घ्यावयाची ती व्यासाच्या पाव भागापेक्षा खोल नसावी, कारण दाबाचे अंग फार खोल कापले तर करवत तेथेच जखडते. पण तिचे तोंड मात्र सत्तर अंशांइतके किंवा त्याहूनही अधिक उघडे असावे, म्हणजे झाड जमिनीजवळ जाईपर्यंत खाच मिटत नाही आणि पुढचे लाकूड झाडाला धरून ठेवण्याचे काम शेवटपर्यंत करते. या खाचेच्या मागे जी न कापलेली पट्टी आपण राखतो तिला बिजागरी म्हणू. ती व्यासाच्या सुमारे एक दशांश जाड असावी. दीड-पावणेदोन फूट, म्हणजे पन्नास सेंटिमीटर व्यासाचा बुंधा घेतला तर खाच बारा सेंटिमीटर, बिजागरी पाच सेंटिमीटर, असा हिशेब बसतो. यानंतर चेनसॉ वापरणाऱ्या कुशल माणसाने मागून कापीत न येता, यंत्राचे पाते बिजागरीच्या मागे बुंध्यात बाजूने आरपार घालावे, बिजागरी हवी तेवढी जाड राखून मागच्या अंगाकडे कापीत जावे, आणि शेवटी पाठीमागे पाच-सात सेंटिमीटरांची पट्टी तशीच राखून थांबावे. या क्षणी झाड पुढे बिजागरीवर आणि मागे त्या पट्टीवर उभे असते. मधले लाकूड मोकळे झालेले असते, त्यामुळे चिरत जावयास आधारच उरत नाही. मग यंत्र बाहेर काढावे, सर्वांना एकदा हाक द्यावी, पळवाटेकडे पाहून घ्यावे, आणि बाजूला उभे राहून हात लांब ठेवून ती मागची पट्टी बाहेरून कापावी. झाड क्षणात सुटते, हळूहळू फाटत नाही. हा आरपार काप स्वीडनमधील सोरेन एरिक्सन यांनी आपल्या शिक्षणवर्गांतून जगभर रुजवला. पण तो ज्याने प्रत्यक्ष शिकून घेतलेला नाही त्याने तो या लेखावरून करू नये. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की यंत्र उलटे उसळून कापणाऱ्याच्या तोंडावर येते, म्हणून टोकाच्या खालच्या भागाने सुरुवात करून मग हळूच पाते सरळ आत घालावयाचे असते; ही हातोटी आडव्या पडलेल्या ओंडक्यावर आधी पुरती बसवावी.

ज्यांच्याजवळ कुऱ्हाड आणि दोन माणसांची करवत एवढेच आहे त्यांनाही मार्ग आहे, आणि तो जुना आहे. खाच उथळ घ्यावी. मग बुंध्याच्या मागच्या दोन्ही कुशी दोहोंकडून तिरप्या कापून आत न्याव्यात, म्हणजे मध्ये जे लाकूड उरते ते खाचेकडे रुंद आणि पाठीकडे निमुळते राहते. शेवटचा काप त्या निमुळत्या भागातून झपाट्याने पार पडतो आणि लाकडास चिरण्याइतकी सवड मिळत नाही. जोडीला कापाच्या वर हातभर अंतरावर बुंध्याला लोखंडी साखळीचे दोन-तीन वेढे आवळून बांधावेत. साखळीने चीर थांबते असे म्हणण्यापेक्षा ती वाढत नाही असे म्हणावे. तेवढ्यानेही जीव वाचतो. फार जड शेंड्याच्या झाडावर, बुंध्याला हत्यार लावण्याच्या आधी, चढणाऱ्या माणसाने कलाच्या अंगाच्या फांद्या बाहेरून आत अशा क्रमाने उतरवून भार हलका करावा हे उत्तमच. मात्र खाली एक जरी काप पडला असेल तर त्या झाडावर पुन्हा कोणीही, दोर सोडवावयासदेखील, चढू नये.

बाजूला कललेल्या झाडाचा प्रकार मधला. समजा पाणंद पूर्व-पश्चिम आहे, झाड तिच्या कडेने पश्चिमेला पाडावयाचे आहे आणि त्याचा कल दक्षिणेकडच्या नाल्याकडे आहे. येथे बिजागरी सर्वत्र सारखी जाड न ठेवता उत्तरेकडे, म्हणजे ताणाच्या अंगाला, जाड राखावी आणि दक्षिणेकडे पातळ करावी, कारण झाडाला नाल्यात जाण्यापासून परतवून धरण्याचे काम ताणाच्याच धाग्यांना करावयाचे असते. मागचा काप आधी दाबाच्या अंगाने घ्यावा, त्यात ताबडतोब पाचर ठोकावी म्हणजे काप मिटत नाही, आणि मग ताणाच्या अंगाला येऊन, तेथेच उभे राहून, काम पुरे करावे. कलाच्या खाली उभे राहून शेवटचा काप घेण्याचे धाडस कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, करू नये. या युक्तीला मर्यादा आहे. लाकूड ओले, चिवट, भरीव असेल तरच जाड बिजागरी ओढून धरते. वाळलेल्या झाडाची बिजागरी मधूनच मोडते, आणि ढोलीचे झाड असेल तर बिजागरी म्हणून जे आपण राखले ते नुसते साल व भुसा निघते. जुन्या लिंबाच्या व चिंचेच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे: ती झाडे बाहेरून राजेशाही दिसतात आणि आतून पोकळ असतात.

उलट अंगाला कललेल्या झाडासाठी पाचरीचा हिशेब प्रत्येकाने एकदा बांधावर बसून करावा, म्हणजे पुष्कळ भ्रम दूर होतात. झाड बारा मीटर उंच आहे आणि बिजागरीपासून बुंध्याच्या मागच्या कडेपर्यंत तीस सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. बारा मीटर म्हणजे त्या अंतराच्या चाळीसपट. मागे ठोकलेल्या पाचरीने बुंधा अडीच सेंटिमीटर उचलला तर शेंडा चाळीसपट, म्हणजे एक मीटर पुढे सरकतो. शेंडा मूळचा एक मीटरच मागे असेल तर एवढ्याने तो जेमतेम ओळंब्यात आला. पडण्याकरिता त्याला आणखी पुढे जावयास हवे. आणि शेंडा दीड-दोन मीटर मागे असेल तर एका पाचरीवर दुसरी पाचर रचूनही भागत नाही, शिवाय घणाच्या प्रत्येक घावागणिक वरची वाळली फांदी हादरत असते ती निराळीच. पातळ बुंध्यात पाचर आणि करवत एकदम मावत नाहीत. तेथे मागच्या कापाचा एक अर्धा भाग आधी कापून त्यात पाचर बसवावी आणि मग दुसरा अर्धा घ्यावा. पाचर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची असावी. चेनसॉच्या जवळ लोखंडी पाचर असता कामा नये.

हिशेबात पाचर पुरत नसेल तर दोर. तो झाडाच्या उंचीच्या निदान दोन-तृतीयांशावर, बुंध्यास हत्यार लागण्याच्या आधी, बांधावयाचा. खाली बांधलेल्या दोराने झाड हलत नाही, नुसता ट्रॅक्टर घसरतो. ओढणारा ट्रॅक्टर झाडाच्या पडण्याच्या रेषेत आणि टप्प्यात उभा करणे हा आपल्याकडचा सर्वाधिक आढळणारा प्रमाद आहे. दोर झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब असावा, किंवा दुसऱ्या भक्कम झाडाच्या बुंध्याला कप्पी बांधून दोर वळवावा म्हणजे ट्रॅक्टर बाजूला राहतो. कप्पीशी जो कोन होतो त्याच्या आतल्या टापूत कोणी उभे राहू नये, कारण कप्पी सुटली तर ती तेथूनच जाते. ताण हळूहळू द्यावा, झटके देऊ नयेत. झटक्याने दोर तुटतो किंवा अर्धवट कापलेले झाड वेळेआधी मोडते. दोर ताणला असता त्याला ओलांडू नये, आणि ट्रॅक्टरवाल्याला इशारा देणारा माणूस एकच असावा. चार जणांनी चार बाजूंनी "ओढ, ओढ, थांब" म्हणून ओरडणे हा तमाशा मी पुष्कळ पाहिला आहे आणि त्यातून झाड ज्याच्या मनाप्रमाणे पडले असा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. जेसीबीच्या बकेटने उभे झाड रेटण्याची जी नवी रीत रूढ होत आहे तिच्याबद्दल एवढेच सांगतो की वाळलेल्या झाडाला असा धक्का दिला म्हणजे बुंधा पुढे जातो आणि शेंडा मोडून मागे, म्हणजे यंत्रावरच, येतो. ढोलीच्या, बिजागरी न धरणाऱ्या झाडाला मात्र कापण्यापेक्षा लांबून मुळे मोकळी करून दोराने समूळ ओढणे कित्येकदा बरे.

कधी कधी सर्व नीट करूनही झाड शेजारच्या झाडाच्या बेचक्यात जाऊन अडकते. अशा झाडाखाली जाऊ नये, त्यावर चढू नये, ज्या झाडाने त्याला धरले आहे ते तोडू नये, आणि दुसरे झाड त्यावर पाडून ते सोडवण्याची कल्पना तर मनातही आणू नये. त्याचा बुंधा लांब दोराने ट्रॅक्टरला जोडून मागे ओढावा. संध्याकाळ झाली असेल तर भोवती दोरी बांधून, एक माणूस राखणीला बसवून, दुसऱ्या दिवसावर टाकावे. मक्तेदाराला ही दिरंगाई रुचत नाही, कारण त्याचा सौदा वजनावर झालेला असतो. म्हणून कललेल्या व अडचणीच्या झाडांचा सौदा वजनावर न करता रोजावर करावा आणि तसे आधी बोलून घ्यावे.

वादळाने किंवा पुराने मुळांसकट आडवे झालेले झाड हे कललेल्या झाडाचे अखेरचे रूप, आणि पैनगंगेच्या काठी पावसाळ्यानंतर ते पुष्कळ दिसते. मुळांचा मातीसकट उभा राहिलेला गड्डा खोडाच्या वजनाने तोलून धरलेला असतो. खोड गड्ड्याच्या जवळ कापले की तो गड्डा बुंध्यासकट एकदम उभा होऊन आपल्या खड्ड्यात जाऊन बसतो, नाही तर खोडाच्या अंगालाच कोसळतो. म्हणून कापण्यापूर्वी गड्ड्याच्या मागे व खड्ड्यात कोणी नाही, विशेषतः पोरे आणि शेळ्या नाहीत, हे डोळ्यांनी पाहावे. गड्डा दोराने दुसऱ्या झाडाला बांधून घ्यावा. आणि पहिला काप गड्ड्यापासून निदान पाच-सहा फूट सोडून घ्यावा. आडवे खोड दोन टोकांवर टेकलेले असेल तर वरच्या अंगाला दाब आणि खालच्या अंगाला ताण असतो, एकच टोक टेकलेले असेल तर याच्या उलट. काप नेहमी दाबाच्या अंगाने थोडासा सुरू करून, मग ताणाच्या अंगाने पुरा करावा. खोड उतारावर असेल तर वरच्या बाजूस उभे राहावे. राहिलेला पाच-सहा फुटांचा बुंधा गड्डा खड्ड्यात पुरता बसल्यावर, दोर सोडण्यापूर्वी, कापून घ्यावा.